भात बंद, बाकी चालू

कंपाऊंडर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. औषधाच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यात आपोआप साठतात, तसे तेही साठतात. बाटल्या निदान भंगारवाला नेतो, किस्से कोणी नेत नाही. त्यामुळे चार मित्र बसले आणि चहा आला, की मी सुरू होतो आणि घरचे लोक एकेक करून आत जातात.

आज फक्त साखरेच्या बाकाचे सांगतो. मग जा घरी.

साखरेचा बाक म्हणजे बालाघाटला आमच्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्याच्या ओसरीवरचा लांब सागवानी बाक. नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि आमची मराठी घरं जिथल्या तिथं राहिली, त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतली ही गोष्ट. मधुमेहाला गावात सगळे ‘शुगर’ म्हणत. रक्त तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. शुगरवाले सकाळी आपापली लघवीची बाटली घेऊन यायचे, ओळीनं बाकावर बसायचे. मी आत काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचो, त्यात थेंब टाकायचो आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी तापवायचो. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी.

हिवाळ्यात वैनगंगेवरून धुकं यायचं. समोरचा रस्ता दिसायचा नाही, छोट्या लाईनच्या गाडीची नुसती शिटी ऐकू यायची. अशा वेळी हातातली नळी निळ्याची हिरवी, हिरव्याची पिवळी होताना बघत मी उगाच उभा राहायचो. मला ते काम फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. बाहेरून डॉक्टरसाहेब ओरडायचे, "झोपलास का रे?"

बाकावर कायमचे चौघं. तीन शुगरवाले आणि एक पहारेकरी. शुगरवाल्यांत पहिले नामदेवराव, राईस मिलमध्ये धानाचे पारखी. दुसरे ढोबळे मास्तर, शाळेत विज्ञान शिकवायचे. तिसऱ्या वकिलीणकाकू. आणि पहारेकरी म्हणजे नामदेवरावांची बायको, यमुनाबाई. त्यांना स्वतःला काही झालेलं नव्हतं. त्या नवऱ्याच्या बाटलीबरोबर यायच्या, कारण एकट्या नवऱ्यानं रस्त्यात बाटलीत विहिरीचं पाणी घातलं तर काय करता?

हा संशय उगाच नव्हता. नामदेवरावांनी एकदा घातलं होतं.

यमुनाबाईंच्या पहाऱ्याला कारण होतं, ते आधीच सांगून टाकतो. त्यांचे थोरले दीर याच रोगानं गेले. पायाला साधा खडा लागला, जखम भरेना, नागपूरला नेलं, पाय कापला, आणि ते तिकडून परत आलेच नाहीत. तेव्हापासून या बाईला जगात एकच गोष्ट हवी होती. आपला माणूस दोन पायांवर घरी यावा.

*

डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी नामदेवरावांना समोर बसवून नीट समजावलं होतं.

"हे बघा, भात, भाकर, पोळी, बटाटा, हे सगळं पिष्ट. पोटात गेलं की त्याची साखर होते. आणि साखर म्हणजे शरीराच्या चुलीचं सरपण. सरपण वाईट नाही, त्याच्याशिवाय चूल पेटणार कशी? पण तुमच्या चुलीचं तोंड झालंय लहान, आणि तुम्ही रोज गाडीभर लाकूड आणून ओतता. ते जळत नाही, नुसतं साठतं. तर आजपासून भात बंद. ज्वारीची भाकर, तीही मोजून."

बालाघाटच्या माणसाला भात बंद! इकडे जेवलात का असं कोणी विचारत नाही, भात खाल्ला का असं विचारतात. पण नामदेवरावांनी मान डोलावली, यमुनाबाईंनी दोन्ही हात जोडले, आणि दोघं गेले.

महिना झाला. नळी रोज विटकरी.

डॉक्टरसाहेब चिडले. "नामदेवराव, तुम्ही चोरून भात खाता."

"देवाशपथ नाही, साहेब."

"एक शीत नाही खाल्लं त्याईनं," यमुनाबाई म्हणाल्या. "मी सोता समोर बसून राह्यते."

"मग सकाळी काय खाता?"

"फोडणीचे पोहे."

"दुपारी?"

"भाकर, साहेब. तुम्हीच सांगतली."

"ज्वारीची?"

"नाही जी. तांदळाची."

"संध्याकाळी?"

"काही नाही. चहासंग मुरमुरे. अन् रात्री नुसती पेज, पोटाले हलकी म्हून."

डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, हा सगळा तांदूळच आहे."

नामदेवराव मनापासून दुखावले. "तांदूळ नाही म्हून कोण म्हणते, साहेब? तुम्ही भात बंद म्हटलं. आता सांगा, भात कुठी खाल्ला मी?"

साहेब माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. मीही सकाळी पोहे खाऊन आलो होतो आणि भात खाल्ला असं मलाही वाटत नव्हतं.

*

वकिलीणकाकूंची तऱ्हा वेगळी. बाई देवभोळी, आठवड्यातून निदान दोन उपास ठरलेले, शिवाय चतुर्थ्या, एकादश्या वेगळ्या. मी कागदावर नोंद न ठेवताही सांगू शकायचो, की काल काकूंचा उपास होता. नळी विटकरी आली की उपास, हिरवी आली की साधं जेवण.

"काकू, काल काय खाल्लंत?"

"अरे, काल कुठलं खाणं? काल निरंकार उपास होता."

"तरी पण?"

"तेच आपलं. साबुदाणा. दुपारी शिंगाड्याचा शिरा, आपल्या तळ्यातला ताजा शिंगाडा आलाय ना. रात्री दोन उकडलेली रताळी. देवाला नैवेद्य म्हणून केळं."

डॉक्टरसाहेबांनी त्यांना हात जोडून सांगितलं, "काकू, एवढा उपास तुमच्या तब्येतीला झेपणार नाही. देवाला सांगा आणि जरा जेवत जा."

काकूंना ते फार लागलं. इतक्या आयुष्यात त्यांना कोणी असा सल्ला दिला नव्हता. घरी जाऊन त्यांनी वकीलसाहेबांना सांगितलं म्हणे, "डॉक्टर हुशार असेल, पण नास्तिक आहे."

*

ढोबळे मास्तर हिंदी शाळेत शिकवायचे. तिकडच्या पुस्तकात पिष्टाला ‘कार्बोज’ असा भारदस्त शब्द होता. मास्तर म्हणायचे, शब्द पाठ करून पोरांना काय कळणार, तोंडाला कळलं पाहिजे. म्हणून एक दिवस त्यांनी घरून डबाभर मोकळा भात नेला, मीठसुद्धा न घातलेला, आणि वर्गातल्या प्रत्येकाला घास घास दिला.

"मुँह में रखो। निगलना नहीं। आँख बंद करके चबाते रहो। जब मीठा लगे, तब हाथ उठाओ।"

तोंडातली लाळच भाताची साखर करायला लागते, हे त्यांना दाखवायचं होतं. स्वतःही त्यांनी एक घास घेतला, कारण शिकवणाऱ्यानं करून दाखवावं. खरं म्हणजे शुगरवाल्याला आयती संधी.

दुपारची वेळ, खिडकीतून चिंचेची सावली आत आलेली. सगळा वर्ग डोळे मिटून हळूहळू चावतोय आणि आवाज कसला नाही. तेवढ्यात दारात शाळा तपासणारे साहेब उभे. कोणी उठेना, कोणी नमस्ते म्हणेना. समोर मास्तरही डोळे मिटून बसलेले.

"ये क्या हो रहा है?"

मास्तरांनी डोळे उघडले. तोंडात घास, बोलता येईना, आणि गिळला तर प्रयोग मोडला. त्यांनी बोटानंच खुणावलं, बसा. साहेब बसले. मास्तरांनी त्यांच्या हातावरही एक घास ठेवला. काय करतील बिचारे? त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

मास्तर सांगायचे, सगळ्या पोरांचे हात वर येऊन खाली गेले, घंटा झाली, तरी साहेब डोळे मिटूनच होते. मग फार वेळानं, अगदी हळू, त्यांचाही हात वर आला.

*

हा किस्सा मास्तरांनी बाकावर सांगितला, सगळे हसले, एक यमुनाबाई सोडून. त्यांनी विचारलं, "म्हंजे तांदूळ गिळला नाही, नुसता चावला, तरी साखर होते?"

"होते ना, वहिनी. तोंडातच सुरुवात होते."

यमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नामदेवराव धुक्याकडे बघायला लागले.

त्यांचं कामच चावण्याचं होतं. मिलच्या दारात धानाची गाडी आली, की ते मूठभर धान तळहातावर चोळायचे, तूस फुंकून टाकायचे आणि दाणा दाताखाली धरायचे. दाणा कट्‌कन तुटला तर धान वाळलेलं, दबला तर ओलं. मग डोळे मिटून दोनचार दाणे चावायचे आणि सांगायचे, हे लांजीकडचं, हे हट्ट्याकडचं, हे मागल्या वर्षीचं नव्यात मिसळलेलं आहे. हंगामात दिवसभर हेच. भात बंद झाल्यापासून तर ते एकेक गाडी जास्तच निरखून पारखत होते.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई मिलवर गेल्या आणि नवऱ्याच्या बैठकीजवळ पितळेची पिकदाणी ठेवून आल्या. "चावा तुम्ही, कामच हाय तुमचं. पण गिळाचं नाही. थुकाचं."

पुढं झालं असं, की लांजीकडचा एक व्यापारी धान घेऊन आला. नामदेवरावांनी दाणे चावले, डोळे मिटले, आणि बायकोची आठवण होऊन पचकन थुंकले. व्यापाऱ्याचा चेहरा पडला. आजवर या पारख्यानं कोणाचं धान थुंकलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

"पारखीजी, थोड़ी नमी है, मैं मानता हूँ," तो आपण होऊन म्हणाला.

नामदेवरावांनी आणखी दोन दाणे तोंडात टाकले आणि पुन्हा थुंकले.

"अच्छा, नीचे के दो बोरे पुराने हैं। अब बस कीजिए।"

मिलमालक गादीवरून हे बघत होता. त्यानं संध्याकाळी नामदेवरावांच्या घरी निरोप पाठवला, की पिकदाणी लहान वाटत असेल तर मिलतर्फे मोठी घेऊ.

*

भात गेला तशी नामदेवरावांना भाताची स्वप्नं पडायला लागली. आणि स्वप्न पडलं, की ते सकाळी बाकावर सांगायचे. एवढं सुंदर सांगायचे, की मी आतून नळी घेऊन दारात येऊन उभा राहायचो.

"काल काय पाह्यलं सांगू? वैनगंगा आहे ना, ते पुरी पेजंची. पांढरी, गरम, वरतून वाफ निघून राह्यली. अन् मी काठावर बसलो, हातात पळसाचा दोना. दोना बुडवाचा अन् पियाचं. अडवाले कोणी नाही. पल्याडच्या काठावर थोरला भाऊ बसलेला, तोबी पिऊन राह्यला."

"मग?" मास्तर विचारायचे.

"मंग काही नाही. नदी सरेच ना."

कधी ते चिन्नोरच्या नव्या तांदळाच्या ढिगात गळ्यापर्यंत झोपलेले असायचे आणि तो ढीग ऊन ऊन असायचा. कधी घरावर कौलांच्या जागी शितं असायची. वकिलीणकाकू माळ ओढायच्या थांबत. ऐकता ऐकता बाकावरच्या सगळ्यांना भूक लागायची, आणि ते सगळे भात बंद असलेले.

एकदा त्यांनी स्वप्नात भल्या मोठ्या पंगतीत बसून वरणभात, तूप, परत भात, ताक, परत भात असं पोटभर खाल्लेलं सांगितलं. नेमकी त्या दिवशी नळी नारिंगी आली. नामदेवराव घाबरले. "साहेब, सपनातलं लागू होते का?"

"स्वप्नातलं लघवीत उतरत नाही हो," डॉक्टरसाहेब म्हणाले.

पण यमुनाबाईंना राग आवरला नाही. "सपनात तरी भाकर खाता येत नव्हती का तुमाले?"

*

नामदेवराव नियम पाळत नव्हते हे उघड होतं. कधी खिशात मुरमुरे, कधी मित्राच्या घरी खिचडी. पकडले गेले की म्हणायचे, "तिले काय होते बोलाले? मी मिलवर गेलो का ते घरी मजेत भात खाते." हे ते बाकावर, बायकोच्या समोर म्हणायचे. यमुनाबाई नुसती बाटली माझ्याकडे सरकवायच्या.

मनात संशय बसला की माणूस स्वस्थ राहत नाही. एक दिवस भर दुपारी, जेवणाच्या वेळेला, ते मिलवरून मागच्या दारानं चोरपावलानं घरी गेले. चिन्नोरचा तांदूळ घरातच होता, पाहुण्यांसाठी. तो शिजला की वास लपत नाही, आणि यांचं नाक तर पारख्याचं. ते दाराशी उभं राहून वास घेत राहिले. वास काही येईना.

आत यमुनाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. ताटात ज्वारीची भाकर आणि ठेचा. ज्वारीची सवय नसलेली बाई, घासागणिक पाणी पीत होती. मडक्यात दुसरं काही नव्हतं. चुलीवरही नव्हतं.

नामदेवराव आले तसे मागच्या पावलानं परत गेले. हे त्यांनी मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते बाकावर आले. मास्तरांनी विचारलं, "काय पारखी, आज कोणतं स्वप्न?"

"आज नाही पडलं," ते म्हणाले.

त्या दिवशी मला त्या माणसाबद्दल एकदम फार माया वाटली. का ते तेव्हा कळलं नाही.

त्या आठवड्यापासून संध्याकाळी दोघं फिरायला निघायचे. गावात चुली पेटायची वेळ, घराघरातून भाताची वाफ बाहेर येणारी. नामदेवराव चालता चालता सांगायचे, "हे जुनं धान. यांच्या घरी पाव्हणे आले. इथचा करपला." यमुनाबाई एक पाऊल मागून चालायच्या. मी एकदा सायकलवरून जाताना पाहिलं, एका घरापाशी चिन्नोर शिजत होता, आणि दोघंही रस्त्याच्या कडेला उभे होते. उजेड संपत आला होता. मी घंटी न वाजवता निघून गेलो.

*

आता शेवटचा.

पावसाळा संपता संपता नामदेवरावांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. फोड आला, फुटला, आणि भरेना. मी रोज पट्टी बांधायचो, यमुनाबाई शेजारी उभ्या. त्या जखमेकडे बघायच्या नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायच्या.

डॉक्टरसाहेबांनी सुई सुरू केली, इन्सुलिनची. औषध गोंदियावरून यायचं, आम्ही ते ओल्या वाळूतल्या माठात ठेवायचो. पहिल्या दिवशी साहेबांनी दोघांना बजावलं.

"सुई घेतली की घरी जाऊन भाकर खायचीच. ही सुई साखर खाली आणते. पोटात काही नसेल तर ती थांबत नाही, उतारावरच्या बैलगाडीसारखी खालीच जाते. मग घाम येतो, माणूस भ्रमल्यासारखा बोलतो, आणि वेळेवर गोड दिलं नाही तर हातचा जातो. कळलं? आजवर मी खाऊ नका म्हणत होतो. आता खा म्हणतोय."

दोघांनी हौ म्हटलं. काही दिवस बरे गेले. नळी हिरवी यायला लागली, पण अंगठा काळवंडत चालला. एका सकाळी साहेब म्हणाले, "आठवडाभर बघू. नाहीतर नागपूरला न्यावं लागेल." नागपूर म्हटल्यावर यमुनाबाई बाकावर बसल्या त्या उठेचनात. नामदेवरावांनी त्यांना हात धरून उठवलं. असं चारचौघांत बायकोचा हात धरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई टोचून घेतली आणि ते डबा घेऊन थेट मिलवर गेले. उन्हं चढल्यावर मिलचा एक हमाल सायकलवरून धापा टाकत आला. "साहेब, पारखी काहीच्या काही बोलून राह्यले."

साहेब आणि मी निघालो. मिलच्या आवारात वाळत घातलेल्या धानाच्या ढिगावर नामदेवराव बसले होते. भोवती सगळे हमाल उकिडवे बसून ऐकत होते. स्वप्न सांगणं चाललं होतं. त्यांची स्वप्नं गावाला माहीत, म्हणून आधी कोणालाच काही वाटलं नव्हतं.

"अन् मंग तो तांदूळ उडाले लागला," नामदेवराव हसत सांगत होते. "बगळ्यासारखा. आख्खं शेत उडालं. मी खाली एकटा." अंगरखा घामानं चिंब, ओठ थरथरत होते. डोळे उघडे होते, पण ते आमच्याकडे बघत नव्हते.

"यांनी भाकर खाल्ली का?" साहेबांनी विचारलं.

हमाल एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "डब्बा आणलता त्याईनं. पण भाकर बैलाले चारली. म्हणे, आजपासून सुईबी घ्याची अन् उपासबी कराचा. सारी साखर जाईन, पाय वाचन. म्हणे, आजवर तिले लय फसवलं, आता एक घास नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं पथ्य पाळलं होतं.

"गूळ आणा. साखर आणा. काहीही गोड, लवकर," साहेब ओरडले.

कोणी हललं नाही. यांना शुगर आहे हे गावातल्या पोराबाळांना ठाऊक. यांच्या हातातून लाडू काढून घेतलेले लोक तिथं होते. एक जण हळूच म्हणाला, "साहब, शुगरवाले को गुड़?"

तेवढ्यात यमुनाबाई आल्या. कोणीतरी घरी निरोप दिला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि काही न विचारता हमालांच्या चहाच्या डब्यातला गुळाचा खडा उचलला. धानावरून चालत जाऊन त्या नवऱ्यापुढं बसल्या आणि खडा त्यांच्या तोंडाशी नेला.

नामदेवरावांनी तोंड फिरवलं. मग परक्या बाईशी बोलतात तसं, अगदी अदबीनं म्हणाले, "नाही बाई. ठेवा तुमचा गूळ. मले चालत नाही. माह्या बायकोनं मना केलं आहे."

"अहो, मीच हाय. खा."

"नाही जी. तिले कळलं तर तिच्या जिवाले लागते."

साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "वेळ नाही रे." मी पुढं सरकलो, पण यमुनाबाईंनी हातानंच मला थांबवलं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आवाज हळू केला.

"मी तिलेच इचारून आली, बाप्पा. तुमच्या बायकोले."

नामदेवरावांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काय म्हणते?"

"हौ म्हणते. आजच्या दिस खा म्हणते."

"खरंच म्हणते? रागावली तर नाही?"

"नाही रागावली. रडून राह्यली घरी. तुमी खाल्ला का थांबीन म्हणते."

मग त्यांनी तोंड उघडलं.